चौथ्या डाऊनला मी मैदानात

शनिवारी मॅच झाली की रविवारी सकाळी मी सांगलीला आजीला फोन करायचो. तिकडे तेव्हा संध्याकाळ असायची. माझ्या काकाने तिला मोबाईलवर मॅचचे तुकडे दाखवलेले असायचे आणि तिचा एक प्रश्न ठरलेला असायचा: "तुझ्या हातात बॉल आला की तू लगेच लाथ मारून समोरच्यांना का देऊन टाकतोस रे?"

पहिल्यांदा तिला समजावून सांगायला मला अर्धा तास लागला. अमेरिकन फुटबॉलमध्ये दहा यार्ड पुढे सरकायला संघाला चार संधी मिळतात. या संधीला डाऊन म्हणतात. दहा यार्ड झाले की नव्या चार. तीन डाऊन खेळून झाले आणि अजून सात-आठ यार्ड बाकी असले की पेच पडतो. चौथा डाऊन खेळला आणि जमलं नाही, तर चेंडू आहे त्याच जागी समोरच्या संघाला मिळतो. आपण आपल्याच टोकाला अडकलेलो असलो तर त्यांना टचडाऊनसाठी, म्हणजे चेंडू घेऊन आपली गोलरेषा ओलांडून गुण मिळवायला, जेमतेम पंधरा-वीस यार्ड उरतात. म्हणून चौथ्या डाऊनला पंटर आत येतो. तो चेंडू हातातून सोडतो, जमिनीला लागायच्या आत त्याला लाथ मारतो आणि चाळीस-पंचेचाळीस यार्ड लांब धाडतो. चेंडू मिळतो त्यांनाच, पण आता त्यांना जवळजवळ सगळं मैदान तुडवत यावं लागतं.

आजी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे द्यायचंच आहे, पण विहिरीजवळचं रान द्यायचं नाही."

त्यानंतर मला कोणी पंटिंगबद्दल विचारलं की मी हेच सांगत आलो. मराठीत पंटर म्हटलं की सट्टा लावणारा नाहीतर कुणा दादाच्या मागे फिरणारा माणूस डोळ्यांपुढे येतो, म्हणून नातेवाइकांना मी 'पंट मारणारा' असं लांबलचक सांगायचो.

आम्ही सांगलीहून ओहायोला आलो ते २०१० मध्ये. मी नऊ वर्षांचा होतो. बाबांना एच-१बी व्हिसावर नोकरी होती. या व्हिसाचा माझ्या खेळाशी पुढे फार जवळून संबंध आला, ते येईलच. शाळेत मी सॉकर खेळायचो. नववीत हायस्कूलच्या फुटबॉल कोचने सॉकरच्या मैदानावर येऊन विचारलं, लांब लाथ कोण मारतं? सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. अमेरिकेतल्या हायस्कूलमधले बरेचसे किकर आणि पंटर असेच सापडतात. आईची एकच अट होती, कुणाच्या अंगावर धावून जायचं नाही. पंटरला सहसा ते करावं लागत नाही, एवढं मी तिला सांगितलं. पंटरच्या अंगावर मात्र सगळे धावून येतात, ते सांगितलं नाही.

पहिल्या दिवशी मी सॉकरसारखी लाथ मारली. चेंडू आडवा भिरभिरत वीस यार्डांवर बाजूला पडला. हा चेंडू गोल नसतो. दोन्ही टोकांना निमुळता, साधारण अकरा इंच लांब आणि चारशे ते सव्वाचारशे ग्रॅम वजनाचा. पायाला कुठल्या कोनात लागला यावर सगळं ठरतं आणि तो कोन पाय ठरवत नाही, हात ठरवतो. हे मला कळायला दीड वर्ष गेलं.

उजव्या पायाने मारणारा पंटर चेंडू उजव्या हातात धरतो, लेस म्हणजे चेंडूवरची पांढरी शिवण वर ठेवून. हात पुढे, उजव्या मांडीच्या रेषेत. चेंडूचं पुढचं टोक किंचित आत, डावीकडे, आणि अगदी किंचित खाली. दोन पावलं टाकता टाकता चेंडू सोडायचा. याला ड्रॉप म्हणतात. सोडायचा म्हणजे टाकायचा नाही, उडवायचाही नाही. त्याच्याखालून हात काढून घ्यायचा, जणू ताटाखालचं टेबल सरकलं आणि ताट तसंच सपाट खाली आलं. पडताना त्याचं टोक जरा जरी वर उचललं गेलं तर लाथ कितीही जोरात बसो, चेंडू वर गोल गोल फिरतो आणि तिथेच खाली येतो. टोक बाहेर वळलं तर तो साइडलाइनच्या बाहेर जातो. नीट सपाट आला आणि पावलाच्या वरच्या कडक भागावर, बुटाच्या नाडीच्या थोडा बाहेर बसला, तर मात्र तो गोळीसारखा स्वतःभोवती फिरत वर चढतो, वरच्या टोकाला नाक खाली वळवतो आणि तसाच फिरत खाली येतो. हे नाक खाली वळणं पहिल्यांदा जमलं तो दिवस मला आठवतो. त्याचा आवाजही वेगळा असतो, ओल्या कपड्यावर धोपटणं बसल्यासारखा.

इथे बाबांची मदत झाली. ते सांगलीत असताना क्लबकडून लेगस्पिन टाकायचे. फुटबॉलचं त्यांना काही कळत नव्हतं, पण चेंडू हातातून सुटताना मनगट काय करतं हे त्यांना माझ्या कोचपेक्षा जास्त कळत होतं. त्यांनी मला लाथ मारूच दिली नाही. गॅरेजच्या फरशीवर चिकटपट्टीची एक सरळ रेघ ओढली आणि म्हणाले, "आता नुसता सोड. रेघेवर सपाट पडला पाहिजे आणि उसळून सरळ वर आला पाहिजे." रोज शंभर वेळा. सपाट पडलेला चेंडू सरळ परत उसळतो. टोकावर पडला की कुठेही पळतो. त्यामुळे चूक झाली की नाही हे कुणी सांगायची गरजच पडायची नाही. ती हिवाळ्यातली गोष्ट. बाहेर बर्फ, गॅरेजचं दार बंद, बाबा कोट घालून स्टुलावर बसलेले आणि मोजत असलेले. त्या शंभरातले सुरुवातीला वीस नीट पडायचे. मार्चपर्यंत ऐंशी पडायला लागले.

यार्ड नंतर आले. हायस्कूलच्या शेवटच्या वर्षी माझा पंट बेचाळीस-त्रेचाळीस यार्ड जायचा आणि हवेत सव्वाचार सेकंद राहायचा. या हवेतल्या वेळाला हँग टाइम म्हणतात आणि मला विचाराल तर तो अंतराइतकाच महत्त्वाचा. पंचावन्न यार्ड गेलेला सपाट पंट टीव्हीवर छान दिसतो, पण आपली माणसं चाळीस यार्डांवरच असताना तो समोरच्याच्या हातात पडतो आणि तो पंधरा यार्ड पळून परत येतो. पंचेचाळीस यार्ड आणि साडेचार सेकंद जमले, तर चेंडू खाली येईपर्यंत आपले दोघं-तिघं झेलणाऱ्याच्या समोर उभे असतात. तो बिचारा हात हलवून फेअर कॅच मागतो, म्हणजे झेलतो आणि तिथेच थांबतो.

कॉलेजांना मी व्हिडिओ पाठवले. पंधरा-सोळा ठिकाणी तरी. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही, आणि याचं कारण समजून घ्यायला हवं. त्या काळात पहिल्या फळीतल्या कॉलेज संघाला ८५ स्कॉलरशिप देता यायच्या. त्यातली एक ते पंटरवर खर्च करणार ती तीन-चार वर्षांतून एकदा, आणि तीही आता बऱ्याचदा ऑस्ट्रेलियाला जाते. तिथली मुलं ऑस्ट्रेलियन रूल्स हा खेळ खेळत मोठी होतात, पळता पळता हातातून सोडलेल्या लांबट चेंडूला लाथ मारणं त्यांना चालण्याइतकं सवयीचं असतं. मेलबर्नच्या प्रोकिक ऑस्ट्रेलिया या संस्थेने त्यांना अमेरिकन कॉलेजांसाठी तयार करायचा कारखानाच उभा केला आहे. कॉलेजमधल्या सर्वोत्तम पंटरला २००० सालापासून रे गाय पुरस्कार मिळतो. तो यूटाच्या टॉम हॅकेटने २०१४ आणि २०१५ असा लागोपाठ जिंकला, २०१७ मध्ये टेक्ससच्या मायकल डिक्सनने, २०१९ मध्ये केंटकीच्या मॅक्स डफीने. सगळे ऑस्ट्रेलियन. मला त्यांचा राग कधीच आला नाही. डिक्सनचे व्हिडिओ मी इतके पाहिले आहेत की त्याचा ड्रॉप मी डोळे मिटून सांगू शकतो.

ज्या रे गायच्या नावाने हा पुरस्कार आहे, त्याला १९७३ मध्ये ओकलंड रेडर्स या व्यावसायिक संघाने नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिल्याच फेरीत घेतलं. त्याआधी कुठल्याही पंटरला तो मान मिळाला नव्हता. तरी नुसता पंटर म्हणून हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, जायला त्याला २०१४ साल उजाडावं लागलं. या कामाकडे लोक कसे बघतात ते एवढ्यावरून कळावं.

शेवटी ओहायोतल्याच एका विद्यापीठाने मला वॉक-ऑन म्हणून घेतलं. मिड-अमेरिकन कॉन्फरन्समधला संघ. कॉन्फरन्स म्हणजे आपसात मॅच खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट. वॉक-ऑन म्हणजे संघात जागा आहे, पण फी आपली आपण भरायची. ऑगस्ट २०१९. त्या वर्षी मी एकही मॅच खेळलो नाही. चौथ्या वर्षाचा पंटर होता, तो चांगला होता आणि माणूस म्हणूनही चांगला होता. मी सरावात मारायचो, चित्रीकरण बघायचो आणि मॅचच्या दिवशी साइडलाइनवर त्याच्यासाठी चेंडू धरून उभा राहायचो.

दुसऱ्या वर्षी कोविड. ८ ऑगस्ट २०२० ला आमच्या कॉन्फरन्सने हंगाम पुढे ढकलला. पहिल्या फळीतल्या कॉन्फरन्सपैकी आमची पहिली. मग सप्टेंबरच्या शेवटी निर्णय फिरवला आणि ४ नोव्हेंबरपासून सहा मॅचचा हंगाम ठरला. मधले महिने मी पुन्हा गॅरेजमध्ये होतो. बाबा घरून काम करत होते. दोन मीटिंगच्या मधे ते खाली यायचे, पार्किंगमध्ये पंधरा यार्डांवर उभे राहून माझ्याकडे चेंडू फेकायचे. मॅचमध्ये पंटरकडे चेंडू मागे फेकणारा, म्हणजे लाँग स्नॅपर, तो पायांच्या मधून फेकतो, याला स्नॅप म्हणतात. बाबा वरून फेकायचे, पण वेग बऱ्यापैकी तसाच असायचा. शेजारच्या आजोबांनी एकदा येऊन त्यांना स्नॅप कसा करतात ते दाखवायचा प्रयत्न केला. बाबांच्या कमरेने तो फार काळ मानला नाही.

पंट हा एकट्याचा खेळ वाटतो, तो तसा अजिबात नाही. लाँग स्नॅपर पायांच्या मधून, उलटं बघत, चेंडू पंधरा यार्ड मागे फेकतो आणि तो पाऊण सेकंदात माझ्या उजव्या मांडीपाशी यावा लागतो. तिथून लाथ बसेपर्यंत मला सव्वा सेकंद. एकूण दोन सेकंद. त्यापेक्षा एक दशांश जास्त लागला की समोरून येणाऱ्यांचे हात चेंडूवर असतात. माझ्यासमोर तीन दणकट खेळाडू ढालीसारखे उभे असतात आणि पहिल्या रांगेतले बाकीचे स्नॅप होताच सरळ पुढे पळतात. कॉलेजच्या नियमात हे चालतं. व्यावसायिक लीगमध्ये लाथ बसेपर्यंत फक्त कडेचे दोघं निघू शकतात. म्हणून ही ढालीची रचना कॉलेजात रुजली, तिकडे नाही. आमचा स्नॅपर शेतकऱ्याचा मुलगा होता. तो आणि मी पाच वर्षांत दिवसाला साठ-सत्तर स्नॅप केले असतील. दुसऱ्या कुणाशी माझं इतकं कमी बोलणं आणि इतकं जास्त जमणं झालेलं नाही.

२०२१ मध्ये जागा माझी झाली. आणि ऑक्टोबरमध्ये माझा पंट अडला.

पाऊस होता. स्नॅप उत्तम आला. चेंडू ओला, म्हणून मी तो हातात फिरवून लेस वर आणायला गेलो आणि पायाने अर्धं पाऊल जास्त घेतलं. मला धप्प आवाज आला, पण तो माझ्या बुटाचा नव्हता. समोरच्या खेळाडूच्या छातीला लागून चेंडू माझ्या डोक्यावरून मागे गेला, त्यांच्यातल्याच एकाने उचलला आणि टचडाऊन केलं. आम्ही सहा गुणांनी हरलो. दुसऱ्या दिवशी कोचने चित्रफीत लावली, घड्याळ लावलं. स्नॅप हातात आल्यापासून १.५ सेकंद. ते ओरडले नाहीत. "लेस शोधू नकोस," एवढंच म्हणाले. लेस कुठेही असो, ड्रॉप सपाट हवा. हे मला आधीही माहीत होतं. हाताला माहीत नव्हतं.

त्या रात्री मला २०१५ ची मिशिगनची मॅच आठवत राहिली. १७ ऑक्टोबर. मिशिगन दोन गुणांनी पुढे, दहा सेकंद बाकी, चौथा डाऊन. पंटरच्या हातून स्नॅप निसटला, मिशिगन स्टेटच्या मुलाने चेंडू घेऊन टचडाऊन केलं, २७-२३. ओहायोत मिशिगनवर कोणाचं प्रेम नाही. आम्ही ज्यांच्या घरी मॅच बघत होतो तिथे लोक सोफ्यावर उभं राहून नाचले. मी चौदा वर्षांचा होतो आणि त्यांच्याबरोबर नाचलो होतो. सहा वर्षांनी मला त्या मुलाचं हेल्मेटमधलं तोंड आठवत होतं. त्याने त्याच मॅचमध्ये आधी ऐंशी यार्डांचा पंट मारला होता, हे मला खूप नंतर कळलं. ते कोणी सांगत नाही.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये सरावानंतर संघासमोर माझं नाव घेऊन स्कॉलरशिप जाहीर केली. आईला फोन केला तर ती आधी रडली, मग विचारलं, "म्हणजे या सेमिस्टरची फी भरलीय ती परत मिळेल का?" मिळाली.

त्याच वर्षी मी एकवीस वर्षांचा झालो. बाबांच्या ग्रीन कार्डचा नंबर अजून लागलेला नव्हता. भारतीयांची रांग किती लांब आहे हे इथल्या मराठी घरांत वेगळं सांगावं लागत नाही. एकवीस पूर्ण झाले की मूल आईवडिलांच्या व्हिसावर राहू शकत नाही. बारा वर्षं ओहायोत वाढून मी कागदोपत्री परदेशी विद्यार्थी झालो, एफ-१ व्हिसावर. १ जुलै २०२१ पासून कॉलेज खेळाडूंना आपल्या नावावर, फोटोवर पैसे घ्यायला परवानगी मिळाली होती. गावातल्या एका पिझ्झावाल्याला माझा आणि स्नॅपरचा फोटो भिंतीवर लावून दोघांना थोडे पैसे द्यायचे होते. स्नॅपरने घेतले. मला घेता आले नाहीत, कारण एफ-१ वर काम करायला फार बंधनं असतात आणि खेळाच्या चारशे डॉलरसाठी व्हिसा धोक्यात घालायचा नव्हता. मैदानावर पंधरा यार्डांवर उभे असलेले आम्ही दोघं, आणि आमच्यामध्ये ही रेघ. त्याने त्या पैशांतून मला वर्षभर पिझ्झा खाऊ घातला. पण ही गोष्ट अन्यायाची आहे असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

माझा सगळ्यात चांगला पंट अडतीस यार्डांचा होता. नोव्हेंबरमधली मंगळवारची रात्र. आमच्या कॉन्फरन्सच्या मॅच नोव्हेंबरमध्ये आठवड्याच्या मधे असतात, टीव्हीवर त्या दिवशी दुसरं कुणी नसतं म्हणून. थंडीत चेंडू दगडासारखा होतो आणि फुटत नाही, म्हणजे पायावरून उडत नाही. आम्ही त्यांच्या गोलरेषेपासून ४१ यार्डांवर होतो. जोरात मारला तर चेंडू सरळ गोलरेषेपलीकडे, एंड झोनमध्ये जातो आणि त्यांना २० यार्डांवरून सुरुवात मिळते, आपली मेहनत फुकट. म्हणून तो उंच मारायचा, टोक थोडं उभं ठेवून, म्हणजे पडल्यावर पुढे न उसळता मागे उसळतो. आमचा कडेचा धावपटू, गनर म्हणतात त्याला, त्यांच्या दोघांना चुकवून निघाला. चेंडू पाच यार्डांवर पडला, उभाच उसळला, आणि त्याने गोलरेषेला पाठ करून तो ३ यार्डांवर दाबला. पुढच्या तीन डाऊनमध्ये त्यांना तिथून हलता आलं नाही. आकडेवारीत तो पंट माझी सरासरी कमी करतो.

२०२३ च्या सप्टेंबरमध्ये आजी आली. ब्याऐंशी वर्षांची, साडीवर माझी जर्सी घातलेली. मॅचनंतर म्हणाली, "आज तुला चारदाच बोलावलं. बरं झालं." आमचा संघ त्या दिवशी जिंकला होता आणि हे तिला गुणफलक न बघता कळलं होतं.

त्याच हंगामात आयोवाच्या टोरी टेलरने ९३ पंट मारून ४,४७९ यार्डांचा एका हंगामातला विक्रम केला. पुढच्या एप्रिलमध्ये शिकागो बेअर्सने त्याला चौथ्या फेरीत निवडलं. व्यावसायिक लीगमध्ये ३२ संघ आहेत, म्हणजे पंटरच्या ३२ नोकऱ्या, आणि त्या धरून बसलेले लोक दहा-दहा वर्षं सोडत नाहीत. कोविडमुळे माझं अजून एक वर्ष शिल्लक होतं. पण पदवी हातात होती, आणि एफ-१ वर पदवीनंतर मिळणारा कामाचा काळ पदवीच्या विषयातल्या नोकरीसाठीच वापरता येतो. मी इंजिनिअर आहे. स्नॅपरही थांबणार होता. आम्ही दोघांनी एकाच दिवशी कोचना सांगितलं.

शेवटच्या मॅचमध्ये शेवटचा पंट सेहेचाळीस यार्ड गेला, फेअर कॅच. मी आणि स्नॅपर साइडलाइनकडे पळत आलो. नेहमीसारखं त्याने विचारलं, "ठीक होता?" मी म्हणालो, "मांडीवर." तो बाकावर बसला आणि हातमोजे काढायला लागला.